म्हशीनंतर माझा नंबर

आमच्या घरात गरम भाकरी दोघांनाच मिळायची, मांजरीला आणि बाला. माय आणि मी जी खायचो ती बाची प्रार्थना संपल्यावरची, म्हणजे चामड्यासारखी वातड झालेली.

बा म्हणजे माझे वडील. आमचं गाव जैनदच्या पुढं, पेनगंगेच्या अंगानं. बा आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होता. कापसाच्या गाड्या आल्या की वजन करायचं काम त्याचं. कापसाला पाणी मारून आणलेलं असलं तर तो नुसता हात घालून सांगायचा. शेतकरी त्याच्यावर चिडायचे, शेठही चिडायचा, कारण तो काटा कोणाच्याच बाजूनं झुकू द्यायचा नाही. अशा माणसाशी संसार करणं किती जड असतं ते मायला, म्हणजे माझ्या आईला विचारावं. भाजी बिघडली तर तिची समजूत काढायला म्हणूनसुद्धा त्यानं कधी 'बरी झाली' म्हटलं नाही. झाली असली तर म्हणायचा, नसली तर गप जेवायचा.

ख्रिस्ती घरात जेवणाआधी देवाचे उपकार मानतात, यात नवल काही नाही. गावात आमची दहाबारा घरं. सगळीकडं दोन वाक्यं व्हायची, आमेन व्हायचं आणि हात भाकरीकडं जायचे. बाला हे पसंत नव्हतं. "देवानं काय एक भाकरच देली का? बाकीचं कोनं देलं, तुया मामानं?" असं तो मला विचारायचा. त्यामुळं आमच्या प्रार्थनेत भाकरी सगळ्यात शेवटी यायची. आधी घराच्या चार भिंती आणि वरची टिनं. मग बोअरिंगचं पाणी, कारण गल्लीत सगळ्यांना खारं लागलं आणि आम्हाला गोड. मग माय. मग म्हैस. मग मी. माझ्यानंतर सायकल, मग मायचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, मग लाईटचं मीटर, आणि मग तो साप, जो एका दुपारी मायच्या पायावरून गेला आणि चावला नाही. मिळालेल्या गोष्टींचे उपकार सगळेच मानतात. न चावलेल्या सापाचे मानणारा मी एकटा बाच पाहिला.

नवीन काही मिळालं की ते शेवटी जोडलं जायचं, आणि जुनं काही गळायचं नाही. पंखा आला, गॅस आला, कुकर आला. रेशन कार्डावर मायचं वय माझ्यापेक्षा कमी पडलं होतं, ते मंडल ऑफिसात खेटे घालून घालून दुरुस्त झालं, तेही आलं. नमनाला घडाभर तेल म्हणतात, आमच्याकडं घाणाच लावावा लागला असता. माय मात्र हुशार. तिनं स्वयंपाकच प्रार्थनेवर बसवला होता. बानं डोळे मिटले की ती शेवटची भाकरी तव्यावर टाकायची, ऑपरेशनपाशी उलटायची आणि सापापाशी उतरवायची. डोळे उघडे, ओठ मात्र प्रार्थनेचे. ती भाकरी पडायची बाच्या ताटात, म्हणून त्याला आमचं दुखणं जन्मभर कळलं नाही. मी एकदा म्हटलं, "माय, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणं पाप नाही का?" ती म्हणाली, "भाकर जाळणं पाप हाय."

एकदा आदिलाबादहून पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री, आले आणि आमच्याकडं जेवायला बसले. बा सायकल झाल्यावर श्वास घ्यायला थांबला. पाळकांना वाटलं, झालं. ते मोठ्यानं "आमेन" म्हणाले आणि त्यांनी घास मोडला. बानं एक डोळा उघडला. "साहेब, आजून लाईट यायची हाय," म्हणाला. पाळकांनी घास परत ताटात ठेवला. त्यानंतर चर्चमध्ये मंडळीपुढं उपकाराची साक्ष द्यायला कोणी उभं राहावं असं विचारताना ते बाच्या बाकाकडं कधी पाहत नसत.

म्हैस मी सातवीत असताना मेली. माय दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत म्हैस जशीच्या तशी, मायनंतर आणि माझ्या आधी. मी म्हटलं, "बा, म्हैस तं मेली. आता काऊन उपकार मानतं?"

"मेली म्हनून तू पेलेलं दूध बाहीर आलं का?" बा म्हणाला. "देवानं देलं ते देलं. मंग ते राहो का जावो."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की म्हैस गेली तर माझा नंबर एकानं वर सरकेल. पण मेलेल्या म्हशीनं जागा सोडली नाही. मी हे शाळेत मैत्रिणीला सांगून बसले, आणि मग वर्षभर हजेरीत माझं नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी हंबरायचं.

पुढं मी शिकले आणि आदिलाबादला एका सरकारी मराठी शाळेत शिक्षिका झाले. तिथं एक शिक्षक होते, बौद्ध घरातले. कमी बोलायचे आणि माझं सगळं ऐकून घ्यायचे. असा माणूस हातचा जाऊ द्यायचा नसतो एवढी अक्कल मला होती. बाला सांगायची हिंमत मात्र नव्हती. तो नाही म्हणेल ही भीती अर्धीच. उरलेली अर्धी भीती ही की तो 'पाहू' म्हणेल आणि यांना कापसाच्या गाडीसारखं वर्षभर काट्यावर उभं ठेवेल. म्हणून आम्ही गुपचूप कचेरीत जाऊन सह्या केल्या, आणि संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेले. आता मी स्वतः आई आहे, आणि त्या पेढ्यांची मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

बा ओरडला नाही. पेढा हातात घेऊन बसला. "तुया लग्नात उभं राहून देवाचे उपकार मानाचे होते मले," एवढंच म्हणाला, आणि पेढा डब्यात परत ठेवला.

रीतीला तो चुकणारा नव्हता. तीन आठवड्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावणं आलं. कोंबडी कापली होती. "या जावईबापू, बसा," म्हणून बानं यांना स्वतःची खुर्ची दिली. मग आम्ही चटईवर ताटं घेऊन बसलो आणि बानं डोळे मिटले. भिंती आल्या, टिनं आली, पाणी आलं, माय आली. म्हैस आली. मी मान खाली घालून माझी वाट पाहत होते.

"सायकल देली," बा म्हणाला.

आधी वाटलं, चुकून झालं असेल. डोळे उघडून पाहिलं तर माय चुलीपाशी उलथणं हातात धरून तशीच बसली होती, आणि तव्यावर भाकरी जळत होती. मायच्या हातून जळलेली ती पहिली भाकरी. मीटर झालं, साप झाला, कुकर झाला, रेशन कार्ड झालं. मी सातवीत असताना मेलेली म्हैस होती, आणि मी, जिवंत, समोर ताट घेऊन बसलेली, नव्हते.

यांना काहीच कळलं नाही. परत येताना मोटारसायकलवर म्हणाले, "किती चांगलं आहे नाही, म्हशीचेसुद्धा आभार मानतात." मी म्हटलं, "गाडी नीट चालवा." आणि आदिलाबाद येईपर्यंत त्यांच्या पाठीला डोळे पुसत राहिले.

बाकी गावाला मात्र त्याच दिवशी कळलं. बाचा आवाज जिनिंगच्या मशीनवर चढवून चढवून कमावलेला, चार घरं पलीकडं जायचा. पुढच्या खेपेला शेजारची काकू मला गल्लीतच म्हणाली, "काऊन वं, तुया बा तुले घेऊन नाई राह्यला प्रार्थनेत?" मी म्हटलं, "तुमी जेवाच्या टायमाले आमच्या भिंतीले कान लावून बसता का?"

मायनं बाला विचारलं, आणि त्याचं उत्तर मला फोनवर कळवलं. "ते म्हनते, मनातून येत नाई तं देवापुढं कसं म्हनू? अन्नावर बसून खोटं बोलू का?"

"आणि म्हैस?" मी म्हटलं. "म्हशीबद्दल येते का मनातून?"

माय म्हणाली, "ते बी विचारलं म्या. म्हने, म्हशीनं मले न सांगता काई केलं नाई."

मी फोन आपटला. मग एकटीच हसले, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. वाईट याचं वाटत होतं की बा खोटं बोलत नव्हता. नुसती शिक्षा म्हणून त्यानं मला वगळलं असतं तर मी भांडले असते. पण त्याला खरंच मी मिळाल्याचा आनंद वाटत नव्हता, आणि वाटत नाही ते तो म्हणत नव्हता. याच्याशी भांडायचं कसं?

बोलणं बंद नव्हतं आमचं. सणाला गेले की बा विचारायचा, बस मिळाली का, तिकडं पाऊस हाय का, शाळेत पोरं किती हायत. फक्त प्रार्थनेत मी नव्हते, आणि आमच्या घरी तो येत नव्हता. अंतर म्हणाल तर बसनं पाऊण तास.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. माय म्हणाली, "ये, आता तं घेईनच." गेले. तान्ही मांडीवर. भिंती, टिनं, पाणी, माय, म्हैस, सायकल. मी दात आवळून बसले. रेशन कार्डही होऊन गेलं. मग बा थांबला, त्यानं घसा साफ केला. "नात देली," म्हणाला. "दोन हात, दोन पाय, सारं धड देलं. तुये उपकार."

नात काय आभाळातून पडली होती? मी तिथल्या तिथं विचारणार होते, पण तान्ही रडायला लागली आणि माय म्हणाली, "आंदी तिले दूध पाज."

इकडं माझ्या घरी ख्रिस्ती मी एकटीच. सासूबाई नेमानं विहारात जाणाऱ्या, पण मनानं मोठ्या. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला मी विचारलं, "मी जरा प्रार्थना करू का?" त्या म्हणाल्या, "कर न बाई. किती टाइम लागते?" मी म्हटलं, "अर्धा मिनिट." आणि लहानपणच्या सगळ्या थंड भाकरींचा सूड म्हणून मी खरंच दोन वाक्यांत उरकायची, एक माय-बासाठी, एक भाकरीसाठी. पण खाण तशी माती. स्वतःचं घर झालं, ते जोडलं. बदली टळली, ते जोडलं. सासूबाईंची शुगर उतरली, वॉशिंग मशीन आलं, मिक्सर आला. लेक बोलायला लागली तशी ती शेवटी तिचं घालायला लागली, कुत्रीला झालेली पिल्लं. एकदा सासूबाई वरणाकडं पाहत म्हणाल्या, "काय वं, तुया देवाले आठोन राहत नाई का? रोज रोज तेच काऊन सांगून राह्यली?" मला माझ्याच जिभेची भीती वाटली.

मागच्या नाताळला आम्ही गावी जेवायला होतो. जेवण झाल्यावर माझी लेक सगळ्यांसमोर बाला म्हणाली, "आबा, तुमच्या प्रार्थनेत मी हाय, आजी हाय, म्हैस हाय. आई काऊन नाई?" बा हात धुवायला उठला आणि बराच वेळ हातच धूत राहिला. मी त्या दिवशी ठरवलं, आता या घरात जेवायचं नाही. पोरीला आजीकडं चार दिवस राहू द्यायचं, पण आपण तीन वाजता जायचं, चहा प्यायचा आणि पाचच्या बसनं परत. चहावर बा प्रार्थना करत नसे. चहाला देवापेक्षा साखर जास्त लागते असं त्याचं मत होतं.

माय दर वेळी म्हणायची, "जेवून जाय न." मी म्हणायची, जेवून आले. "दोन घास." नको. अलीकडं तर ती फारच मागं लागली. एकदा दारात हात धरून म्हणाली, "एक डाव बस जेवाले. बाकी काई नको, एक डाव बस." मी हात सोडवून घेतला. मनात म्हटलं, हिला काय जातं बोलायला, हिचा नंबर पक्का आहे.

यंदा दिवाळीनंतर मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आदिलाबादला ठरलं. ऑपरेशन सकाळी, आणि पट्टी काढायला दुसऱ्या दिवशी परत यायचं. डॉक्टर म्हणाले, बसचे धक्के नकोत, आजचा दिवस जवळपास राहा. जवळपास म्हणजे आमचं घर, ऑटोनं पाच मिनिटं. बा म्हणाला, "तू जाय पोरीकडं, मी बसस्टँडवर थांबतो." मायच्या एका डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या डोळ्यानं तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "थांबा. कंडक्टरले प्रार्थना आयकवा."

तर लग्नाला सात वर्षं होत आली तेव्हा माझा बा पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहिला. चपला बाहेर काढल्या, मग उचलून आत ठेवल्या, मग परत बाहेर नेऊन ठेवल्या. सासूबाई पुढं झाल्या. "या, बसा. लई दिवस लावले," म्हणाल्या. बा नुसता हसला. त्यांनी ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या, वांग्याची भाजी, अंबाडी, तुरीचं वरण. यांनी चटया टाकल्या, मायला भिंतीला टेकवून बसवलं, आणि आम्ही सगळे ताटांवर बसलो.

बा प्रार्थना करणार हे मी धरूनच चालले होते. सासूबाईंना बजावूनही ठेवलं होतं की वेळ लागेल, वरण झाकून ठेवा. मी मान खाली घातली आणि स्वतःलाच म्हटलं, आता तुझ्याच घरात, तुझ्याच सासूसमोर ऐक. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर बा माझ्याकडं पाहत होता.

"तू कर," म्हणाला. "तुयं घर हाय."

त्याचा नियमच होता तो. ज्याची चूल, त्याची प्रार्थना. दुसऱ्याच्या घरी त्यानं कधी स्वतः केली नाही, पाळकांच्या घरीसुद्धा नाही. एवढी वर्षं त्याच्यावर डूख धरून बसले, आणि एवढं साधं विसरले.

मी सुरुवात केली. घर दिलंस. सासूबाई दिल्यास, नवरा दिलास, लेक दिलीस. बदली टाळलीस. सासूबाईंची शुगर उतरवलीस. वॉशिंग मशीन, मिक्सर. लेकीनं कोपरानं ढोसलं, म्हणून पिल्लं. मायला जपतोस, आज तिचं ऑपरेशन पार पाडलंस. मग पुढं काही नव्हतं. आता भाकरीचे उपकार मानायचे आणि आमेन म्हणायचं.

आणि मला ते म्हणता येईना. कारण बा समोर बसून ऐकत होता, आणि त्याच्या कानांनी मी माझी प्रार्थना पहिल्यांदा ऐकली. माय होती तिच्यात. पिल्लं होती, मिक्सर होता. बाप नव्हता. सात वर्षं, रोज दोन वेळा. मी विसरले नव्हते. मी त्याला काढला होता, ती भाकरी जळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि काढला हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्यानं मला वगळलं ते अख्ख्या गावानं ऐकलं. मी त्याला वगळलं ते देवानं एकट्यानं ऐकलं, असं मला त्या घटकेला वाटलं, आणि माझी मान वर होईना.

"बाप," मी म्हणाले, आणि अडले.

'बाप दिलास' म्हणायला काय लागतं? मिक्सर दिलास म्हणताना जीभ अडली नव्हती. पण मी त्याचीच लेक. राग अजून होता, जसाच्या तसा होता, आणि अन्नावर बसून मला खोटं बोलता येईना. सासूबाईंनी एक डोळा उघडला. लेक म्हणाली, "आई, झालं?"

"राहू दे," बा म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. "येत नसन तं नको म्हनू. मले बी सात वर्सं लागले."

"लागले म्हणजे?" मी प्रार्थनेच्या मधेच विचारलं.

माय भिंतीपासून बोलली. "घेते आता ते तुले. पोळ्यापासून घेते. म्हनून तं म्हनत होती, एक डाव बस जेवाले."

"मग सांगायचं नाही का मला, माय?"

"नको म्हने. सांगितलं तं ते तुले आयकवासाठी होईन म्हने, देवासाठी नाई."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. पोळ्यापासून हा माणूस रोज मला घेत होता, आणि मी दारात हात सोडवून घेऊन बस पकडायला पळत होते. "पोळ्यापासूनच काऊन?" मी बाला विचारलं.

बानं डोळे उघडले आणि माझ्या लेकीकडं पाहिलं. "हे आली होती न सुट्टीत. म्या म्हटलं, तुयी आई कशी प्रार्थना करते, म्हनून दाखव. हिनं सारी म्हनली. लई चांगली म्हनली. म्या शेवटलोक आयकली. माह्या नंबराची वाटच पाहत होतो. मंग समजलं मले, कसं लागते ते."

मी डोळे मिटले. "बाप दिलास," म्हणाले. आवाज रागाचाच निघाला, पण खोटा नव्हता. भाकरीचे उपकार मानायचे राहूनच गेले, आणि आमेन बानं म्हटलं.